रेकॉर्डिंगमधली पिपाणी

प्रश्न : साडेतीन वर्षं टेनर सॅक्सोफोन शिकतेय. रोज तासभर रियाज होतो. वाजवताना माझा आवाज मला भरदार वाटायचा. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं आणि हबकले. नाकातला, चिरका, अगदी पिपाणी! तेव्हापासून तीन माउथपीस (तोंडात धरायचं टोक) बदलून झाले. नवा आणला की आठवडाभर छान वाटतं, मग पुन्हा तेच. सर म्हणतात, "आवाज चांगला आहे, तुमचा आहे, आता स्वीकारा." पण ज्यांचं वादन ऐकून मी सॅक्स हातात घेतला त्यांच्या आवाजाच्या मी जवळपासही नाही. सहा आठवड्यांनी एका ग्रुपबरोबर वाजवायचं आहे. चौथा माउथपीस घेऊ, की माझ्या ओठा-जबड्याची ठेवणच टेनरसाठी नाही?
— पिपाणीवाली

उत्तर :

चौथा माउथपीस घेऊ नका. कार्यक्रम होईपर्यंत तर नाहीच. तुमच्या सरांचं म्हणणं बरोबर आहे, फक्त ते थोडं लवकर आलं. आवाज स्वीकारण्याच्या नादात गळणारं पॅड (भोक झाकणारी गादी), मेलेली रीड (माउथपीसवरची थरथरणारी पट्टी) आणि आवळलेला जबडाही स्वीकारून टाकलात, तर पाच वर्षांनी हेच पत्र पुन्हा लिहाल. म्हणून आधी दुरुस्त होण्यासारखं काय आहे ते वेगळं काढू. उरेल त्याच्याशी भांडायचं की नाही ते मग बघू.

सुरुवात त्या रेकॉर्डिंगपासून, कारण सगळा घोळ तिथे झालाय. वाजवताना तुमचे वरचे दात माउथपीसवर टेकलेले असतात. रीडची थरथर दातांतून आणि कवटीच्या हाडांतून थेट आतल्या कानात जाते. हा हिस्सा वाजवणाऱ्याशिवाय कुणालाच ऐकू येत नाही. शिवाय तुम्ही वाद्याच्या मागे आणि वर उभ्या असता. आवाजाचा खालचा, जाड भाग उघड्या भोकांतून चहूकडे पसरतो. तीक्ष्ण भाग मात्र बेलच्या, म्हणजे टोकाच्या कर्ण्याच्या, तोंडातून बराचसा समोर फेकला जातो. म्हणजे समोरच्याला जो चिरकेपणा पोचतो, त्यातला थोडाच तुमच्या वाट्याला येतो.

हे दोन मिनिटांत तपासता येतं. फोमचे इअरप्लग दोन्ही कानांत घट्ट बसवा आणि पहिल्या सप्तकातला जी हा स्वर आठ मात्रा धरा. डोक्यात गुंगल्यासारखं जे ऐकू येईल, तो हाडांतून येणारा हिस्सा. मग प्लग काढा, भिंतीपासून हातभर अंतरावर बेल भिंतीकडे करून उभ्या राहा आणि तोच जी त्याच फुंकेनं वाजवा. भिंतीवरून परत येतो तो श्रोत्याच्या आवाजाच्या बराच जवळचा. पहिल्यांदा ऐकताना बहुतेकांचा चेहरा पडतो. पडू द्या, पण रोज रियाजातली पाच मिनिटं अशी भिंतीशी घालवा. या आवाजाची ओळख रोजची झाली की रेकॉर्डिंगचा धक्का आपोआप कमी होतो.

आता फोन. त्यातला माइक बोलणं टिपण्यासाठी बसवलेला असतो. आवाज मोठा झाला की तो पातळी खाली ओढतो, लहान झाला की वर उचलतो. तुम्ही फुंकेनं केलेले चढउतार त्यात सपाट होतात. बेलसमोर फूटभर अंतरावर फोन ठेवला असेल तर तीक्ष्ण भाग सगळाच्या सगळा आत गेला. आणि ऐकलंत कशावर? फोनच्याच स्पीकरवर असेल तर निम्मी पिपाणी तिथेच तयार झाली. टेनरवरच्या पहिल्या सप्तकातल्या जीचा मूळ स्वर साधारण 175 हर्ट्झचा, सगळ्यांत खालच्या बी फ्लॅटचा 104 च्या आसपास. नखाएवढ्या स्पीकरची तिथवर मजल जात नाही. तो वरचे स्वर तेवढे ऐकवतो. वाद्याचं अंग गळून जातं आणि साल उरते.

पुढच्या वेळी फोन दोन ते अडीच मीटर लांब, छातीच्या उंचीवर, बेलच्या सरळ रेषेतून थोडा बाजूला ठेवा. रेकॉर्डिंगच्या अ‍ॅपमध्ये पातळी आपोआप सांभाळणारं आणि गोंगाट गाळणारं सेटिंग असेल तर बंद करा. फाइल वेव्ह प्रकारात ठेवा आणि ऐकताना बऱ्यापैकी हेडफोन वापरा. जमिनीवर चिकटपट्टीच्या दोन खुणा करा, एक पायांसाठी आणि एक फोनच्या स्टँडसाठी. खोलीही तीच हवी. गाद्या-पडद्यांनी भरलेली खोली वरचे स्वर पिऊन टाकते आणि आवाज कोरडा करते. रिकामी, फरशीची खोली कुणालाही गोड करून दाखवते. दोन्ही खोटंच सांगतात, पण रोज एकच खोटं ऐकलं तर कालची आणि आजची तुलना तरी होते.

हे सगळं नीट करूनही आवाज पातळ आणि नाकातला येत असेल, तर वाद्याकडे वळा. वाद्याकडे, स्वतःकडे नाही.

खालचा डी धरा आणि तो चालू असताना डाव्या करंगळीनं जी शार्पची की दाबा. काहीही बदलायला नको. डी अडखळला, घोगरा झाला किंवा बंद पडला, तर जी शार्पचं पॅड उचललं जातंय आणि त्याच्या वरचा छोटा समायोजनाचा स्क्रू सैल आहे. हा दोष फार सर्रास आढळतो आणि त्याच्यामुळे खालचे सगळे स्वर जोर लावल्याशिवाय निघत नाहीत. जोर कुठून लागतो? जबड्यातून. दुसरी तपासणी नेकची, म्हणजे माउथपीस बसतो त्या वाकड्या नळीची. नेक घट्ट करूनही हातानं डावी-उजवीकडे सहज हलत असेल तर सांध्यातून हवा जातेय. तिसरी ऑक्टेव्हची. ऑक्टेव्ह की (स्वर वरच्या सप्तकात नेणारी) दाबून जी वाजवा, नेकवरचं झाकण पूर्ण मिटलेलं राहिलं पाहिजे. जीवरून एला गेलात की ते उघडायला हवं. जीवर ते किंचितही उघडं दिसलं तर नेकची कडी वाकली आहे. या तिन्हींत काही सापडलं तर वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे न्या आणि आतून दिवा सोडून बाकीची पॅड बघायला सांगा. ज्या वाद्यात सर्वांत खालचा बी फ्लॅट हळू वाजवताना गुडगुडतो किंवा वरच्या सप्तकात उडी मारतो, त्यावर बसून स्वतःच्या आवाजाबद्दल मत बनवणं अन्यायाचं आहे.

रीडबद्दल थोडक्यात. माउथपीसवर रीड बसवून मागचं तोंड तळहातानं बंद करा, पुढून हवा ओढून घ्या आणि ओठ काढा. रीड दोनतीन सेकंद चिकटून राहून मग फट्‌ आवाज करत सुटली तर ठीक. लगेच सुटली तर ती माउथपीसवर सपाट बसत नाही. काचेवर बारीक, 400 ते 600 नंबरचा पॉलिशपेपर ठेवून रीडची सपाट बाजू सातआठ वेळा हलक्या हातानं घासा. टोकाला मात्र हात लावू नका. फार नरम किंवा थकलेली रीड पातळ, भिणभिणता आवाज देते आणि वर गेलं की गुदमरते. फार कडक असेल तर स्वराआधी हवाच ऐकू येते. चार रीड चालू ठेवा, पाठीवर पेन्सिलीनं आकडे घाला आणि रोज बदला. एकच रीड ती मरेपर्यंत वाजवली की रोज किंचित बिघडणारा आवाज कान मुकाट्यानं मान्य करत जातो. असला स्वीकार कुणी मागितलेला नाही.

आता जबडा. तुमच्या पत्रातलं 'नाकातला, चिरका' हे वर्णन वाचून पहिला संशय इथेच येतो.

माउथपीस सुटा घ्या आणि मध्यम जोरानं फुंका. ट्यूनरवर (सूर मोजणाऱ्या यंत्रावर) जी यायला हवा, साधारण 784 हर्ट्झ. इथे ट्यूनर दाखवतो ती नावं धरा, टेनरवर बोटांना देतो ती नाही. जॅझ वाजवणारे बरेच जण याच्या खाली, एफ किंवा आणखी खालीही ठेवतात; ती आवडीची गोष्ट. ए किंवा त्याच्या वर गेलात तर तुम्ही चावताय. मग माउथपीस रोजच्या खुणेपर्यंत नेकवर चढवा आणि एवढंच फुंका. टेनरला इथे ट्यूनरवर ई येतो, सुमारे 330 हर्ट्झ. एफकडे सरकला तर पुन्हा तेच निदान.

चावलं की काय होतं ते समजून घ्या. रीडचं टोक माउथपीसच्या टोकाशी दाबलं जातं, मधली फट लहान होते आणि रीड पूर्ण झुलत नाही. जाडी जाते, धार राहते. त्यातून स्वर चढतो, वरच्या सप्तकात तर जास्तच. मग सूर जुळवायला माउथपीस बाहेर ओढावा लागतो. तो ओढला की खालचे स्वर उतरतात. ते सांभाळताना ओठांची आणखी कसरत सुरू होते. तुमच्या नेकवरच्या कॉर्कवर माउथपीस अगदी टोकाला लटकत असेल, तर ही साखळी पूर्ण झाली आहे असं समजा. आणखी एक पुरावा आरशात मिळेल. तासभर वाजवून झालं की खालचा ओठ उलटून आतली बाजू बघा. दातांचे हलके ठसे सगळ्यांचेच उमटतात. खोल खाच आणि दुखरी कड असेल तर दाब जास्त आहे.

यावरचा व्यायाम थोडा विचित्र वाटेल. वरचा ओठसुद्धा दातांवर घेऊन, म्हणजे दोन्ही ओठ आत घेऊन, दोन मिनिटं लांब स्वर धरा. चावलंत की लगेच दुखतं, त्यामुळे जबडा आपणहून सैल पडतो आणि ओठांच्या कडांना, गालाजवळच्या कोपऱ्यांना काम करावं लागतं. मग वरचे दात पुन्हा माउथपीसवर ठेवून तीच सैलाई टिकवा. यात एक फायदा फुकटचा मिळतो. दात टेकलेले नसल्यामुळे हाडांतला आवाज बराच कमी होतो आणि वाजवता वाजवताच तुमचा बाहेरचा आवाज ऐकू येतो. माउथपीसवर चिकटवायची रबरी पट्टीही हेच थोड्या प्रमाणात करते. पट्टी लावली तर आठ दशांश मिलिमीटरच्या आसपासची आणि कायम त्याच जाडीची लावा. दर वेळी जाडी बदलली की जबडा किती उघडायचा तेही बदलतं.

माउथपीस तोंडात किती घ्यायचा, यावर वाद घालण्यापेक्षा कागद वापरा. रीड आणि माउथपीसच्या मधल्या फटीत पातळ कागदाचा तुकडा सरकवा. जिथे अडतो तिथे रीडच्या कडेला पेन्सिलीनं बारीक खूण करा. खालच्या ओठाचा दाब या खुणेच्या जवळ, किंचित अलीकडे पडायला हवा. टोकाच्या फार जवळ पडला तर आवाज चिमटीत धरल्यासारखा येतो, खुणेच्या पलीकडे गेला तर किंचाळतो. ज्यांना आपला आवाज पिपाणीसारखा वाटतो त्यांच्यातले पुष्कळ जण माउथपीस फार कमी आत घेत असतात. दोन दोन मिलिमीटर आत सरकत जा. एका ठिकाणी आवाज एकदम बेताल, बदकासारखा होईल. तिथून एक पाऊल मागे या.

हे झाल्यावर तुमच्या तीन माउथपीसचं कोडंही सुटतं. नवा माउथपीस आला की तोंड गोंधळतं, सवयी मोडतात, आठवडाभर तुम्ही जपून वाजवता. मग शरीर आपली जुनी वाट शोधतं. टेनरचे अरुंद तोंडाचे माउथपीस टोकाशी 2 मिलिमीटरच्या आसपास उघडे असतात, जॅझसाठीचे बरेचसे अडीच आणि त्यापुढे. तुम्ही उघडा माउथपीस घेऊन जुनी कडक रीडच ठेवली असेल, तर चावणं वाढलंच असेल. उघड्यावर नरम, अरुंदावर कडक, असा साधा हिशेब आहे. तिघांतला ज्याच्यावर हळू वाजवताना खालचे स्वर सर्वांत सहज निघतात तो ठेवा आणि बाकीचे दोन कपाटात टाका. पण एक गोष्ट नोंदवून ठेवा. तीन वेगवेगळ्या माउथपीसमधून जे तेच ते परत आलं, त्यातला चावण्याचा भाग वजा केल्यावर जे उरतं ते तुमचं आहे. जॅझवादक चार्ली पार्कर 15 मे 1953 रोजी टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये प्लॅस्टिकचा आल्टो (टेनरहून लहान, उंच सुराचा सॅक्सोफोन) घेऊन उभा होता. रेकॉर्डिंग ऐका, दोन सुरांत माणूस ओळखता येतो.

कारण आवाजाचा साचा बराचसा माउथपीसच्या मागे, तुमच्या तोंडात आणि घशात असतो. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 मध्ये याचा एक भाग मोजून दाखवला. अगदी वरच्या, नेहमीच्या पल्ल्यापलीकडच्या स्वरांसाठी अनुभवी वादक घसा आणि जीभ हलवून तोंडातली पोकळी स्वराशी जुळवून घेतात. ज्यांना ते जमत नाही त्यांचे ते स्वर निघतच नाहीत. आपल्याकडे गवयाच्या गळ्याची जात म्हणतात, तशी ही वादकाच्या तोंडाची जात. ती बदलत नाही. तिची वापरायची ताकद मात्र बदलते आणि ती ओव्हरटोननं, म्हणजे बोटं न बदलता वरचे स्वर काढण्यानं, वाढते.

सगळ्यांत खालच्या बी फ्लॅटची बोटं लावा आणि बोटं जराही न हलवता वरचा बी फ्लॅट काढा, मग एफ, मग त्यावरचा बी फ्लॅट, मग डी. तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो ना, तोच हा डी, पाचवा. पहिले दोन जमायला आठवडा लागतो, गंधाराला महिनेही लागतात. जबडा आवळून एफ निघेल, पण किंचाळत. जिभेचा मागचा भाग 'आ'वरून 'ई'कडे न्या, ओठ तिथेच राहू द्या. हे करण्याआधी तो स्वर गाऊन बघा. म्हणजे घशाला कुठे जायचंय ते कळतं. पाच मिनिटं पुरेत. नंतर लगेच तोच एफ नेहमीच्या बोटांनी वाजवा आणि ओव्हरटोनच्या एफइतका भरीव येतोय का ते पाहा. दोन्हींतलं अंतर हेच तुमच्या पुढच्या वर्षाचं काम.

खर्जाचा रियाजही याच्या जोडीला हवा. मेट्रोनोम 60 वर, प्रत्येक स्वर बारा मात्रा: चार मात्रा वाढवत, चार स्थिर, चार उतरवत शून्यापर्यंत. खालच्या डीपासून खाली बी फ्लॅटपर्यंत, मग डीपासून वर जीपर्यंत. दोन आठवडे व्हायब्रेटो (स्वराला दिलेली लहर) पूर्ण बंद. व्हायब्रेटो चांगला असतो, पण डळमळणाऱ्या फुंकेवर तो फार छान पांघरूण घालतो. उतरत्या चार मात्रांत स्वर कणसूर होतो का, शेवट तुटतो का, एवढंच ऐका. दमसास वाढला की चिरकेपणा थोडा आपसूक जातो, कारण जबडा जे काम करत होता ते फुंक करू लागते.

मध्येच एक सांगून ठेवतो. मधला सी शार्प आणि त्याच्या लगेच वरचा डी तुम्हाला दोन वेगळ्या वाद्यांचे वाटत असतील, तर ते तुमच्या कानाचं चुकलेलं नाही. सी शार्पला जवळजवळ सगळी भोकं उघडी, म्हणून तो पोकळ आणि बऱ्याचदा उतरलेला. डीला जवळजवळ सगळी नळी बंद, म्हणून तो कोंडलेला आणि चढा. अ‍ॅडॉल्फ सॅक्सनं 1846 मध्ये सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं तेव्हापासून ही तडजोड वाद्याच्या बांधणीतच आहे. ते दोन स्वर पुढेमागे वाजवून सारखे करायचा रियाज जरूर करा, पण रेकॉर्डिंगमध्ये तो डी ऐकून 'माझा आवाज' म्हणून डोक्याला हात लावू नका.

आता तुमच्या आवडत्या वादकांकडे येऊ. तुम्हाला त्यांचा 'आवाज' आवडतो असं तुम्ही म्हणता. माझा अनुभवावर आधारलेला संशय असा की, तुम्हाला आवडतं त्यातलं बरंचसं आवाज नाहीच. स्वराला जीभ कशी लागते, स्वर मात्रेच्या किती मागे बसतो, व्हायब्रेटो स्वराच्या सुरुवातीपासून आहे की शेवटच्या तुकड्यात, स्वर सोडताना हवा ऐकू येते की नाही, याला कान एकत्रितपणे 'आवाज' म्हणतो. वर स्टुडिओचा माइक आणि गुंजन. हे तपासायला चार मात्रांचा एकच तुकडा घ्या. निम्म्या गतीनं ऐका, गाऊन पाठ करा, मग वाजवा. पोताकडे अजिबात लक्ष देऊ नका. फक्त जीभ, जागा, व्हायब्रेटो आणि सोडणं यांची नक्कल करा. रेकॉर्ड करा. आवाज तुमचाच राहिलाय आणि तरी तो तुकडा अचानक 'त्यांच्यासारखा' वाटतोय, असं बहुधा होईल. म्हणजे जे शिकण्यासारखं होतं ते शिकता आलं, आणि जे शिकता येत नाही ते फारसं आडवं आलं नाही.

1934 मध्ये लेस्टर यंग हा टेनरवादक फ्लेचर हेंडरसनच्या बँडमध्ये कोलमन हॉकिन्सच्या जागी आला. हॉकिन्सचा आवाज जाड, भरगच्च, व्हायब्रेटोनं थरथरणारा. यंगचा हलका, सरळ, टेनर असून आल्टोकडे झुकणारा. बँडमधल्या लोकांना तो पातळ वाटला. हेंडरसनची बायको त्याला हॉकिन्सच्या रेकॉर्ड ऐकवायची, असं वाजव म्हणून. काही महिन्यांत त्यानं तो बँड सोडला. 1936 मध्ये बँडप्रमुख काउंट बेसीबरोबरच्या त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रणात तोच पातळ आवाज आहे, आणि पुढच्या पिढीतले स्टॅन गेट्झसारखे टेनरवादक त्या पातळपणाच्या मागे गेले. यंगचं वाद्य गळत नव्हतं, सूर चोख होता, दमसास होता. म्हणून त्या आवाजाच्या बाजूनं उभं राहणं त्याला परवडलं. आपल्याकडे कद्री गोपालनाथ आधी नागस्वर शिकले आणि मग आल्टोवर कर्नाटक संगीत वाजवू लागले. मनोहारी सिंग यांनी तसलंच वाद्य हिंदी चित्रपटगीतांत वाजवलं. दोघांचा एकेक तुकडा लागोपाठ ऐका आणि यातला 'खरा' आल्टो कुठला ते ठरवून बघा.

आता स्वीकारायचं म्हणजे रोज करायचं काय. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, खुणेवर उभं राहून तीन मिनिटं रेकॉर्ड करा: तीन लांब स्वर, एक संथ धून, एक जलद तुकडा. तारीख घाला आणि दोन दिवस ऐकू नका. लगेच ऐकलं की हातातोंडाची आठवण ताजी असते आणि कान फक्त अपेक्षाभंग मोजतो. दोन दिवसांनी एकदाच ऐका आणि वहीत तीन नोंदी करा. चांगला, वाईट, पिपाणी हे शब्द वहीत बंद. लिहायचं ते असं : "संथ धुनीत तिसऱ्या ओळीचा पहिला स्वर जीभ लागण्याआधी हवेनं सुरू झाला." "वरचा ए चढा, ट्यूनरवर 15 सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट)." "खालचा डी सुटताना तुटला." अशा नोंदीवर उद्याच्या रियाजात काहीतरी करता येतं. 'नाकातला' या शब्दावर काहीच करता येत नाही, त्याचं फक्त वाईट वाटून घेता येतं. चौथ्या आठवड्यात पहिल्या आठवड्याची फाइल काढा. ज्या नोंदी गायब झाल्या त्या दुरुस्त होणाऱ्या होत्या. सुरात असूनही, रीड ताजी असूनही, जबडा सैल असूनही जो एक रंग चारही फाइलींत तसाच आहे, त्याच्यावर यापुढे वेळ घालवायचा नाही.

ओठा-जबड्याच्या ठेवणीबद्दल विचारलंत. पुढचे दात तुटलेले किंवा हलत असतील, किंवा जबड्याच्या सांध्यात दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. बाकी जाड ओठ, पातळ ओठ, पुढे आलेले दात, आत गेलेली हनुवटी, सगळ्या ठेवणींची माणसं टेनर उत्तम वाजवतात. माउथपीसचा कोन तेवढा ज्याचा त्याला शोधावा लागतो. गळपट्टा अर्धा इंच वर-खाली करून बघा. मान वाकवून माउथपीसकडे जायचं नाही, माउथपीस तोंडाशी आला पाहिजे.

आणि सहा आठवड्यांनंतरचा कार्यक्रम. शेवटच्या दहा दिवसांत रीडचा ब्रँड, नंबर, लिगेचर (रीड आवळणारी कडी), रबरी पट्टी, काहीही बदलू नका. चारांपैकी दोन चांगल्या रीड त्या दिवसासाठी राखून ठेवा. माइक बेलमध्ये खुपसू देऊ नका. तिथे खालचे दोनतीन स्वर अंगावर येतात, बाकीचे चिमटतात. बेलच्या कडेपासून साधारण 30 सेंटिमीटरवर, किंचित उजव्या हाताच्या बोटांकडे रोखलेला ठेवायला सांगा, म्हणजे भोकांतून येणारा जाड भागही पकडला जाईल. ध्वनितपासणीत मॉनिटरमधून (वादकाकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून) तुमचा आवाज तुमच्याच तोंडावर येईल आणि तो तुम्हाला पुन्हा पिपाणीच वाटेल. त्या क्षणी जबडा आवळला जातो. मॉनिटरमध्ये सॅक्स कमी, बास आणि ड्रम जास्त मागा, आणि बेल जमिनीकडे न वळवता समोर ठेवा. मग एखाद्या सहवादकाला तुमच्या जागी वाजवू द्या आणि तुम्ही प्रेक्षकांच्या तिसऱ्या रांगेत जाऊन उभ्या राहा. त्या जागेवर टेनर कसा पोचतो ते ऐकून घ्या. परत येऊन वाजवताना तेवढं लक्षात असू द्या.